मदारचाचांची भिंत

मदारचाचा माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत. समोर कोणीही येवो, घरमालक असो की पाणी भरणारा भिस्ती, त्यांची नजर सरळ खाली जायची आणि पायांवर थांबायची. टाचा, बोटं, नखं, भेगा असं सगळं पाहून झालं की मग ती सावकाश वर चढायची आणि गुडघे, कंबर, हात करत शेवटी तोंडापाशी पोचायची. तोवर समोरचा माणूस पार अवघडून गेलेला असे. नव्या नवरीसारखा एक पाय दुसऱ्या पायामागे लपवणारे मोठमोठे मिशाळ लोक मी पाहिले आहेत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अमरावतीला, आमच्या नव्या घराच्या बैठकीत. घर म्हणजे अजून चुन्याचा ओला वास आणि जागोजागी बांबूंच्या परांच्या. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, बांधकामावर देखरेखीला मला ठेवलं होतं. अंगात विटका अंगरखा, दाढीत निळीचे डाग आणि खांद्यावर पडशी असा एक म्हातारा आत आला आणि मी "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं, तर उत्तर न देता माझ्या पायांकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "पाय तं शेतातला हाये. पर बरेच दिवसात शेतात गेला नाई."

खरं होतं ते. पण म्हणून चाचांचं पायांचं शास्त्र अचूक होतं असं कोणी समजू नये. त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या शिंप्याचे पाय पाहून त्याला भोई ठरवला आणि पूर्णेत हल्ली मासे कसे आहेत म्हणून चौकशी केली. शिंप्याच्या पायांच्या बेचक्यांत पाण्यानं चिखल्या झाल्या होत्या, एवढंच. चाचा त्या गोष्टीवर नंतर स्वतःच पुष्कळ हसायचे. "गलती झाली तं झाली," म्हणायचे, "पर माणूस खालूनच पाहावा. झाड कोणी शेंड्याकडून लावते काय?"

त्या दिवसांबद्दल थोडं सांगायला हवं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचे दिवस आले होते. अमरावतीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची रांग हलता हलत नसे. झाडाझुडपांवर, लोकांच्या पागोट्यांवर, इतकंच काय पण गटारांवरसुद्धा कापसाची पांढरी लव बसलेली असायची. ज्यांच्या बैलांना कालपर्यंत धड झूल नव्हती, त्यांनी शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. आम्ही मूळचे पूर्णाकाठचे शेतकरी. दादा हिकमती माणूस. त्यांनी वेळेवर वारं ओळखलं, गावोगावचा कापूस गोळा करून अमरावतीला आडत घातली, आणि दोन-तीन हंगामांत आमचं नाव मुंबईच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचलं. तेव्हा घर हवं, घराला मोठी बैठक हवी आणि बैठकीच्या भिंतीवर चित्र हवं, हे ओघानंच आलं.

चित्रासाठी माणूस शोधता शोधता अचलपूरच्या मदारचाचांचं नाव निघालं. त्यांच्या घराण्यात बाप-आजापासून चितारीकाम होतं. अचलपूरच्या जुन्या हवेल्यांमधल्या वेली, मोर, कारंजी त्यांच्याच लोकांच्या हातची. चाचांना त्यांच्या नावाबद्दल विचारलं तर ते शेताच्या बांधावरची रुई दाखवत. हिंदुस्थानीत रुईला मदार म्हणतात. "ना गाय खाये, ना बकरी. कोणी पाणी घालत नाई तरी उभी. मायनं नाव बरोबर ठेवलं," असं म्हणून दाढीत हसत.

दादांच्या मनात चित्र तयारच होतं. मधोमध धूर सोडणारी आगगाडी, तिच्यावर कापसाचे गठ्ठे, आणि एका बाजूला मुंबईहून आणलेल्या खुर्चीवर बसलेले स्वतः दादा. आगगाडी तेव्हा अमरावतीजवळ आलेली नव्हती. रूळ टाकायचं काम अकोल्याकडे चाललं होतं. पण दादा ती खानदेशात पाहून आले होते आणि तिच्याशिवाय त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. चाचांनी सगळं निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी काढतो मालक. मस्त काढतो. पर गाडीत कापूस कुठून आला हे नाई काढलं तं लोक म्हणतीन, धुरातून आला."

दादांना हे पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांना हसू आलं. त्या हसण्याच्या भरात त्यांनी परवानगी दिली. चाचांना आमचं शेत दाखवून आणायचं, मग अकोल्याला नेऊन आगगाडी दाखवायची, आणि वास्तुशांतीच्या आत भिंत पुरी करून घ्यायची, एवढं काम माझ्याकडे आलं.

वेचणी ऐन भरात होती तेव्हा आम्ही बैलांच्या दमणीत बसून गावी गेलो. आमचं मोठं शेत नदीच्या अंगाला, आणि शेताच्या मधोमध विहीर. विहिरीभोवती आजोबांच्या वेळची आमराई होती. त्यातल्या प्रत्येक झाडाला नाव होतं. शेंदऱ्या, गोटी, लिंब्या, आणि सगळ्यांत थोराड तो खोबऱ्या. आम्ही पोचलो तेव्हा आमराईच्या पलीकडच्या टोकाकडून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. दादांनी ती तोडायला सांगितली होती. तेवढ्या जागेत कपाशी होईल आणि लाकूड रेल्वेचा ठेकेदार जागेवरून उचलेल, असा सरळ हिशेब. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. त्या वर्षांत सगळेच हेच करत होते. गायरानं मोडली, ज्वारीची शेतं गेली, शेतांमधले धुरे-बांध नांगरले. कपाशी पार उंबऱ्यापर्यंत आली होती.

चाचा खोबऱ्याच्या बुंध्याशी जाऊन बसले आणि पडशीतून बाळापुरी कागद आणि कोळसा काढला. ते काढायला लागले तो मात्र नुसता जमिनीचा तुकडा. ढेकळं, भेगा, एक वाळलेलं पान, मुंग्यांची वाट. दुपारपर्यंत त्यांनी एकही माणूस काढला नाही. दुपारी वेचणाऱ्या बाया भाकरी खायला आमराईत आल्या. ओट्या सोडून त्यांनी कापसाचे ढीग केले, फांद्यांना बांधलेल्या झोळ्यांतून आपापली लेकरं काढून घेतली. त्यांत भागी म्हणून एक बाई होती, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. तिचा हात सगळ्यांत चपळ आणि जीभ हाताहून चपळ. तिनं कागदात डोकावून पाहिलं आणि चाचांना विचारलं, की एवढ्या दुरून येऊन तुम्ही ढेकळं काय काढून राह्यले, तुमच्या गावाले ढेकळं नाहीत काय. बाया खूप हसल्या. चाचाही हसले. मग त्यांनी तिला सांगितलं, की आधी जागा काढतो. जागा नीट निघाली तर माणूस आपोआप येऊन बसतो.

त्या दिवशी बाया परत ओळींत गेल्यावर मी चाचांना विचारलं, की हे तुम्ही कुठं शिकलात. अचलपूरच्या हवेल्यांत तर मी असं काही पाहिलं नव्हतं. तिथं एक तर नुसत्या वेली, नाहीतर नुसते सरदार. चाचांनी कोळसा कागदावर ठेवला. मग त्यांनी नूरबीची गोष्ट सांगितली.

नूरबी त्यांची बायको. तिनं जन्मभर त्यांचे रंग वाटले. गेरू, पिवडी, नीळ, सगळं तिच्या पाट्यावर व्हायचं. मेळघाटच्या पायथ्याशी जाऊन ती धावड्याचा डिंक गोळा करून आणायची, कारण बाजारातल्या डिंकानं रंग तडकतो असं तिचं म्हणणं. एका उन्हाळ्यात तापानं ती गेली. पुढं काही महिन्यांनी चाचांना वाटलं, तिचं चित्र काढावं. काढायला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की तिचा चेहरा त्यांना येतच नाही.

"नाक आलं तं डोळे नाई," चाचा म्हणाले. "डोळे आले तं ते तिचे नाई. माह्या हाताले हजार पाखरं येत होते बापू. कोणतंही पान सांगा, डोळे मिटून काढतो. अन् जी बाई माह्या घरात होती, तिले मी कधी पाह्यलंच नव्हतं."

ते कागदामागून कागद फाडत राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी अंगणातली चिंच काढली, निदान हात तरी चालावा म्हणून. चिंच हुबेहूब उतरली. तिच्या मुळाशी पाटा काढला. पाट्यावर पडणारी फांदीची सावली काढली. आणि त्या सावलीत, ऊन चुकवायला नूरबी मान कशी डावीकडे कलती ठेवायची, ते त्यांना एकदम आठवलं. मग खांदा आठवला, पदर आठवला, आणि शेवटी चेहरा आला.

"चिंचेनं दाखवली मले ती," चाचा म्हणाले. "तवापासून मी माणूस एकटा काढत नाई. अन् ज्याचं तोंड काढतो, त्याले समोर बसवल्याबिगर रंग लावत नाई. मेलेल्याचा इलाज नाई. पर जिवंत माणसाले न पाहता काढलं, तं मी काहीच शिकलो नाई म्हणा."

पलीकडे कुऱ्हाड चालूच होती.

तिथून आम्ही अकोल्याला गेलो. मोर्णा नदीजवळ, रुळाच्या कामावर सामान वाहणारी एक आगगाडी उभी होती आणि तिला पाहायला पंचक्रोशीतले लोक शिदोऱ्या बांधून आले होते. कोणी तिला नारळ फोडत होतं, कोणी लांबूनच हात जोडत होतं. चाचांना ती मनापासून आवडली. लहान मुलासारखे ते तिच्याभोवती फिरले, चाकं मोजूनमापून पाहिली, धूर कसा वळतो ते कागदावर घेतलं. आगगाडीला नावं ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते. पण थोड्या वेळानं मला ओढत ते रुळाच्या पलीकडे घेऊन गेले. तिथं लाकडांच्या थप्प्या होत्या, घराएवढ्या उंच. बाभूळ, आंबा, मेळघाटातून आलेला साग, सगळं एकत्र. एक काळाकुट्ट माणूस त्यातले ओंडके उचलून इंजिनात फेकत होता. चाचा त्या माणसाच्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जनावर तं जबरदस्त हाये. पर त्याचा चारा पाह्यला काय तुमी?"

अमरावतीला परत आल्यावर त्यांनी भिंत धरली. मी पुष्कळ चित्रं होताना पाहिली आहेत, पण ती भिंत जशी वाढली तसं काही पुन्हा पाहिलं नाही. कारण ती खरोखर खालून वर वाढली. आधी काळी जमीन, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिच्यातून कपाशीच्या ओळी, विहीर, विहिरीभोवती आमराई, आणि उजवीकडे लांबवर आगगाडी, तिच्यात ओंडका फेकणारा पाठमोरा माणूस. मग सगळ्यांचे पाय. नुसते पाय, भेगाळलेले, धुळीचे, कपाशीच्या ओळींत आणि आंब्याच्या सावलीत उभे. गवंडी-सुतार काम टाकून ते पाहायला येत. हळूहळू पायांवर लुगडी आली, ओट्या आल्या, हात आले. वेचणारे हात तर असे, की आत्ता बोंडातून कापूस सुटेल. आणि इथं चाचा थांबले. मानेच्या वर सगळं कोरं.

वास्तुशांत जवळ आली होती. मुंबईचे व्यापारी यायचे होते, एक गोरा साहेबही यायचा होता. दादा भिंत पाहायला आले आणि त्यांचा चेहरा उतरला. एवढी माणसं, आणि एकालाही तोंड नाही. भीती वाटावी असं ते दिसत होतं. त्यांनी चाचांना विचारलं, की हे पुरं कधी होणार. चाचा शांतपणे म्हणाले, त्या बायांना इथं आणा, की होईल. आपण सांगितल्याशिवाय वेचणाऱ्या बाया बैठकीच्या भिंतीवर चढल्याच कशा, यावर दादा आधीच तापलेले होते. त्यात हे. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की दोन दिवसांत तोंडं काढा, नाहीतर भिंतीवर चुना मारून घेतो. बायांना बैठकीत आणायची गोष्ट पुन्हा काढायची नाही. आणि त्यात भागीसारख्या गावकुसाबाहेरच्या बाया असल्यावर तर दादांना समाजाचं भय होतं, ते वेगळं.

चाचांनी वाद घातला नाही. कुंचले धुतले, रंगाच्या वाट्या झाकल्या आणि परांचीवर जाऊन बसले. मला म्हणाले, "चुना मारला तरी भिंत मालकाचीच हाये. पर कोणाचंही तोंड लावून देणं मले जमणार नाई."

वाट काढली ती वहिनींनी. यमुनावहिनी म्हणजे दादांची बायको. फार बोलणारी बाई नव्हे, पण बोलली की दादा ऐकत. त्यांनी जेवताना सहज विचारावं तसं विचारलं, की हे चुन्याचं काम कोणी केलं, ही जमीन कोणी चोपली, या विटा कोणी डोक्यावरून वाहिल्या. मग त्या म्हणाल्या, "वास्तुशांत व्हाची हाये अजून. तोवर घर काम करणाऱ्याचंच अस्ते. शांत झाल्यावर देव बसतीन, मंग तुमचे नियम चालू करा. तेवढ्यात वातींसाठी नवा कापूस तं गावाहून लागतेच. तो घेऊन बाया आल्या, तं कोण काय म्हणन?"

दादा काही बोलले नाहीत. वहिनींनी ते न बोलणंच होकार धरलं आणि मला गावी पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाच्या गाडीबरोबर बाया आल्या. दारापाशी येऊन थबकल्या. आत पाऊल टाकायचं की नाही हे कोणालाच समजेना. भागीची ती चपळ जीभसुद्धा गप्प होती. चाचा परांचीवरून उतरले, बाहेर गेले आणि म्हणाले, "या. तुमचं घर नाई, पर तुमचं शेत आत हाये."

त्या आत आल्या. पहिल्यांदा कोणालाच काही कळलं नाही. मग एका म्हातारीनं भिंतीवरच्या पायाला बोट लावलं आणि स्वतःच्या पायाकडे पाहिलं. वाकडी करंगळी. तिचीच. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग सगळ्याजणी भिंतीला जाऊन भिडल्या. ही माझी झोळी, हे तुझं लुगडं, हा खोबऱ्या, ही विहिरीची फुटकी पायरी. चाचांनी त्यांना भिंतीसमोर ओळीनं बसवलं आणि एकेक चेहरा काढायला घेतला. त्या आपसात बोलत होत्या, वाती वळत होत्या, चाचा मधूनच मान वळवून पाहत होते आणि कोऱ्या जागांत एकेक माणूस येऊन बसत होतं.

दादा दारात उभे होते. कधी आले ते कोणाला कळलं नव्हतं.

भागीचा चेहरा पुरा झाला तेव्हा ती उठली आणि जवळ जाऊन पाहत राहिली. मला वाटलं, आता काही तरी थट्टा करेल. पण ती आमराईकडे पाहत होती. ती हळू आवाजात, अगदी साधेपणानं म्हणाली, "चाचा, आमाले सावलीत बसवलं तुमी. पर हे झाडं तं पुढल्या साली नसन. अर्धे तं गेले. मंग आमाले उन्हात बसवा ना. खोटं काहून काढता?"

दादा दारात आहेत हे तिला माहीत नव्हतं. बाकीच्या बायांनी पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढले. चाचा भिंतीच्या उजव्या अंगाला गेले. तिथं आगगाडीजवळ दादांची खुर्ची काढलेली होती, खुर्चीत अंगरखा, उपरणं होतं, तोंड बाकीच्यांसारखंच कोरं होतं. पण पायही नव्हते. इतके दिवस माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. चाचांनी दादांना विचारलं, "मालक, बरं झालं आले. एक गोष्ट राह्यली. तुमचे पाय कुठं टेकवू?"

दादा आत आले. बायांनी अंग चोरून वाट दिली. भिंतीसमोर येऊन ते आमराई पाहू लागले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसरंच काही तरी होतं. लहानपणी खोबऱ्याच्या शेंड्यावरून दादा पडले होते, हात मोडला होता, आणि रडायचं सोडून पडल्या पडल्या ते मला सांगत होते, की बापू, वर पिकलेला आहे, जाऊन काढ. त्यांना ते आठवलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

"खोबऱ्याखाली," दादा म्हणाले.

"अन् खुर्ची?"

"खुर्ची राहू दे. मुंबईहून आणली हाये."

बायांमध्ये कोणाला तरी हसू फुटलं, आणि दादाही हसले. चाचांनी त्याच दिवशी खुर्ची पुसून आमराईत हलवली. आमच्या बैठकीच्या भिंतीवर दादा असे बसले आहेत, विलायती खुर्चीत, अनवाणी, वेचणाऱ्या बायांच्या घोळक्यात, आंब्याखाली. वास्तुशांतीला आलेल्या व्यापाऱ्यांना त्याचा अर्थ लागला नाही. काही जण आपसात कुजबुजले. साहेब मात्र भिंतीपुढून हलेना. दादा प्रत्येकाला एकच सांगत होते, "ते आमचं शेत."

गावी कुऱ्हाड थांबल्याचा निरोप मीच घेऊन गेलो. निम्मी आमराई तोवर गेली होती, ती गेलीच. विहिरीभोवतालची राहिली. पुढं वर्ष-दोन वर्षांत अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव धाडकन खाली आला आणि अमरावतीतल्या पुष्कळ नव्या घरांना कुलपं लागली. आमचंही बरंच गेलं. त्या पडत्या दिवसांत लाकडाचा ठेकेदार पुन्हा आला होता, आणि तेव्हा कोणी दादांना दोष दिला नसता. दादांनी त्याला ओसरीवरूनच परत पाठवलं. म्हणाले, ती झाडं वेचणाऱ्या बायांची आहेत, त्यांना जाऊन विचार. ठेकेदाराला ती थट्टा वाटली. पुढं एक साल पाऊस ओढला, गावातल्या विहिरी तळाला गेल्या, तेव्हा आमराईतल्या विहिरीला पाणी राहिलं आणि अख्खी वस्ती तिथं भरायला येऊ लागली. दादांनी कोणालाही अडवलं नाही. गावकुसाबाहेरच्यांनाही नाही. गावात त्यावरून बोलणं झालं, पण दादा बधले नाहीत.

मदारचाचा आमच्या भिंतीनंतर अकोल्याला एका घरी कामाला होते, तिथं मी त्यांना भेटून आलो. दृष्टी मंद झाली होती, हातही थोडा कापत होता. तरीही एका आडत्याच्या माडीवर ते मोर्णेचं पात्र आणि त्यात धुणं धुणारे लोक काढत बसले होते. ते काम संपलं की मेळघाटात धारणीकडे जायचं म्हणत होते. तिथले कोरकू लोक आपल्या मेलेल्या माणसांसाठी सागाच्या फळ्या कोरतात आणि झाडाखाली उभ्या करतात, असं त्यांनी नूरबीकडून ऐकलं होतं. डिंकासाठी गेली असताना तिनं त्या पाहिल्या होत्या. या वयात एवढ्या रानात कशाला, असं मी म्हणालो. त्यांनी माझी समजूत घातल्यासारखं सांगितलं, "शिकाले चाललो बापू. ते लोक मेलेल्याले कसं काढतात, तेवढं पाह्यचं राह्यलं."

ते परत आले नाहीत. काही वर्षं डिंक-मोह घेऊन बाजाराला येणाऱ्यांकडून खबर मिळत राहिली. एका कोरकू गावात राहतात, मुलांना कोळशानं पाखरं काढून दाखवतात, लोक त्यांना जेवू घालतात. मग एका उन्हाळ्यात कळलं, की म्हातारा गेला.

मी आणि दादा दोघंही त्या गावी जाऊन आलो. दादांनी स्वतःहून येतो म्हटलं. धारणीच्या पुढं रस्ता म्हणावा असा नव्हताच; शेवटचा टप्पा पायी काढला. गावच्या मुखियानं आम्हाला सगळं नीट सांगितलं. धारणीहून एक फकीर येऊन फातिहा पढून गेला होता, आणि त्यानंतर गावानं आपल्या रीतीनं जे करायचं ते केलं होतं. मग तो आम्हाला गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली घेऊन गेला. तिथं सागाच्या कोरीव फळ्यांची दाटी होती, जुन्या काळवंडलेल्या, नव्या पिवळ्या. प्रत्येकीवर वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस.

यातली चाचांची कोणती, ते आम्हाला ओळखू येईना. मुखियानं मधली एक दाखवली. बाकीच्यांसारखीच ती होती. तसूभर वेगळी नव्हती. दादांनी त्याला विचारलं, की हा घोडा कशाला, तर त्यानं आश्चर्यानं आमच्याकडे पाहिलं. गावातल्या सगळ्यांनाच घोडा असतो, त्याला कसा नाही देणार, असं तो म्हणाला.

उभ्या जन्मात मदारचाचा कधी घोड्यावर बसले नव्हते. आमच्या दमणीतसुद्धा चढ लागला की बैलांना त्रास नको म्हणून उतरून चालायचे. आता ते तिथं गावच्या सगळ्या मेलेल्या माणसांबरोबर, सूर्याचंद्राखालून, टापा टाकत निघाले होते.